कशावरून?

सामान्यज्ञानाची लहान पुस्तके महाराष्ट्रातील कोणत्याही मोठ्या बसस्थानकावर विकत मिळतात. कागद हलका, अक्षर बारीक, किंमत बेताची. रात्रपाळी करणारा कामगार, मुले शाळेत गेल्यावर पुन्हा अभ्यासाला बसलेली गृहिणी, शाळा अर्ध्यावर सुटलेला आणि आता पोलीस भरतीची किंवा तलाठ्याच्या परीक्षेची तयारी करणारा तरुण, असे नाना प्रकारचे वाचक ती घेतात. भारताचा पहिला बुद्धिबळ ग्रँडमास्टर कोण? मराठीतील पहिले नाटक कोणते? कुंभमेळा किती वर्षांनी भरतो? १७२९ ही संख्या कोणाच्या नावाने ओळखली जाते? प्रश्न एका ओळीचा आणि उत्तर एका शब्दाचे.

विद्वान मंडळी या पुस्तकांकडे पाहून नाक मुरडतात. घोकंपट्टीचे साहित्य, अशी त्यांची संभावना करतात. हे नाक मुरडणे अन्यायाचे आहे. ज्याच्या घरी ग्रंथसंग्रह नाही, ज्याला शिक्षकांचा सहवास फार वर्षे लाभला नाही, त्याला जगाची पहिली ओळख पुष्कळदा अशाच एखाद्या पुस्तकातून होते. दोष पुस्तकाचा नसतो. उत्तर पाठ झाले की काम संपले, या समजुतीचा तो दोष असतो. उत्तरापुढे ‘कशावरून?’ हा एकच शब्द विचारला, तर तेच हलक्या कागदाचे पुस्तक वाचकाला कोठल्या कोठे नेऊ शकते. याचा दाखला हवा असेल, तर वर दिलेल्या चारही प्रश्नांचे धागे ज्या एका गावाच्या आसपास येऊन मिळतात, ते गाव पाहावे.

ते गाव म्हणजे तमिळनाडूतील कुंभकोणम. तंजावर जिल्ह्यात, कावेरी आणि अरसलार या दोन नद्यांच्या मध्ये ते वसले आहे. मराठी माणसाला हा मुलूख परका नाही. सतराव्या शतकात व्यंकोजीराजे भोसले यांनी तंजावरला राज्य स्थापिले, आणि तेव्हापासून या भागात मराठी बोलणारी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या तीन संस्थानांचे दिवाण राहिलेले सर टी. माधवराव अशाच एका कुटुंबातले. त्यांचा जन्म १८२८ साली कुंभकोणमचा. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड अल्पवयीन होते, त्या काळात तेथील राज्यकारभार माधवरावांनीच पाहिला.

परंतु कुंभकोणमचे नाव जगभर झाले ते श्रीनिवास रामानुजन यांच्यामुळे. त्यांचा जन्म २२ डिसेंबर १८८७ रोजी इरोड येथे झाला, पण बालपण गेले ते कुंभकोणमच्या सारंगपाणी सन्निधी रस्त्यावरील एका लहान घरात. वडील कापडाच्या दुकानात कारकून. रामानुजन गावातील टाऊन हायस्कूलमध्ये शिकले. १९०३ च्या सुमारास, पंधरा-सोळा वर्षांचे असताना, त्यांच्या हाती जॉर्ज शूब्रिज कार यांचे एक इंग्रजी पुस्तक पडले.

ते पुस्तक कसले होते, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. कार हे लंडनमध्ये खासगी शिकवण्या घेत. केंब्रिजच्या परीक्षेला बसणाऱ्या विद्यार्थ्यांना उजळणी करता यावी, म्हणून त्यांनी गणितातील सुमारे पाच हजार निष्कर्ष क्रमांक घालून एकाखाली एक मांडले. सिद्धता बहुतेक ठिकाणी नाहीच. असली तर एखाद-दुसऱ्या ओळीची. आजच्या विद्यार्थ्याच्या भाषेत सांगायचे, तर ते ‘गाइड’ होते. ज्या प्रकारच्या पुस्तकाला आज नाक मुरडले जाते, त्याच प्रकारच्या पुस्तकाने विसाव्या शतकातील एका थोर गणितज्ञाला जागे केले.

मात्र रामानुजन यांनी ते निष्कर्ष नुसते पाठ केले नाहीत. हे खरे कशावरून, असे त्यांनी जणू प्रत्येकाला विचारले. सिद्धता छापलेली नव्हती, म्हणून ती स्वतः शोधली. शोधता शोधता पुस्तकात नसलेले नवे निष्कर्ष हाती लागले. कागद महाग, म्हणून आकडेमोड पाटीवर करायची, कोपराने पुसायची आणि शेवटचा निष्कर्ष तेवढा वहीत उतरवायचा, अशी त्यांची पद्धत होती. त्या वह्यांत तीन हजारांहून अधिक निष्कर्ष आहेत. त्यांच्या सिद्धता मांडून ते प्रसिद्ध करण्याचे काम ब्रूस बर्न्ट या अमेरिकन गणितज्ञाने हाती घेतले. त्याचे पाच खंड १९८५ ते १९९८ या काळात निघाले.

या कहाणीची दुसरी बाजू शिक्षण अर्धवट राहिलेल्या वाचकाला अधिक जवळची वाटेल. १९०४ साली रामानुजन शिष्यवृत्ती मिळवून कुंभकोणमच्या सरकारी महाविद्यालयात गेले. गणितापुढे त्यांना दुसरे काही सुचेना. इंग्रजीत ते अनुत्तीर्ण झाले आणि शिष्यवृत्ती गेली. पुढे मद्रासला जाऊन पुन्हा प्रयत्न केला, तरी १९०७ पर्यंत एफ. ए. ची परीक्षा त्यांना उत्तीर्ण होता आली नाही. पदवी नाही, नोकरी नाही, अशा स्थितीत काही वर्षे गेली. १९११ मध्ये त्यांचा पहिला लेख छापला गेला, तो इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकात. ही संस्था १९०७ साली स्थापन झाली, आणि तिचे ग्रंथालय त्या काळी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात होते. १९१२ मध्ये मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये महिना तीस रुपये पगारावर कारकुनी मिळाली.

अनुत्तीर्ण झालेला प्रत्येक विद्यार्थी रामानुजन असतो, असा याचा अर्थ काढू नये; तशी खोटी आशा दाखवणे हा विद्यार्थ्याचा उपमर्द होईल. रामानुजन यांनाही दुसऱ्या कोणीतरी ‘कशावरून?’ विचारणे आवश्यक होते, हे येथे अधिक महत्त्वाचे आहे. १६ जानेवारी १९१३ रोजी त्यांनी केंब्रिजचे प्राध्यापक जी. एच. हार्डी यांना पत्र लिहून आपले निष्कर्ष कळवले. हार्डी थक्क झाले. पण उत्तरात त्यांनी केवळ स्तुती केली नाही, सिद्धताही मागितल्या. मूळ संख्यांविषयी रामानुजन यांनी केलेली काही विधाने चुकीची असल्याचे पुढे दिसून आले. इतका प्रतिभावंत मनुष्यही पुराव्यावाचून चुकू शकतो.

आता १७२९ कडे वळू. रामानुजन लंडनजवळ पटनी येथे आजारी असताना हार्डी त्यांना भेटायला गेले. आपल्या टॅक्सीचा क्रमांक १७२९ होता आणि ती संख्या अगदीच नीरस वाटली, असे ते म्हणाले. तसे नाही, रामानुजन उत्तरले. दोन घनांच्या बेरजेच्या रूपात दोन निरनिराळ्या प्रकारे मांडता येणारी ती सर्वांत लहान संख्या आहे. पुस्तकातली ओळ येथे संपते, आणि ती पाठ असणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी तिचा ताळा करून पाहिलेला असतो. ताळा करण्यास चौथीचे गणित पुरते. १२ चा घन १७२८, त्यात १ मिळवला की १७२९. १० चा घन १०००, ९ चा घन ७२९, बेरीज तीच. ‘सर्वांत लहान’ हे कशावरून, असे कोणी विचारल्यास १ ते १२ या संख्यांचे घन कागदावर लिहावेत आणि दोन-दोन घनांच्या बेरजा करून पाहाव्यात. अर्धा तास लागेल. त्यानंतर ती ओळ दुसऱ्याची राहत नाही. आणखी खोदून पाहिले, तर फ्रेनिक्ल द बेसी या फ्रेंच गणितज्ञाने १६५७ मध्येच या संख्येची नोंद केली होती, असेही आढळते.

अशीच गफलत दुसऱ्या एका उत्तरात होते. रॉयल सोसायटीचे पहिले भारतीय सदस्य म्हणून अनेक जण रामानुजन यांचे नाव सांगतात. त्यांची निवड १९१८ ची. त्याआधी, १८४१ साली, मुंबईचे जहाजबांधणी अभियंते अर्देशीर कर्सेटजी यांना हा मान मिळाला होता.

रामानुजन ज्या महाविद्यालयात अपयशी ठरले, तेथेच काही वर्षांपूर्वी आणखी एका प्रश्नाने मोठे काम केले होते. कावेरीच्या काठावरील ही संस्था १८५४ साली शाळा म्हणून सुरू झाली आणि १८६७ मध्ये महाविद्यालय बनली. ‘दक्षिण भारताचे केंब्रिज’ असे तिला म्हणत. १८८० साली तेथे तमिळ शिकवण्यासाठी उ. वे. स्वामिनाथ अय्यर हे पंचविशीतले शिक्षक रुजू झाले. त्यांचे अध्ययन परंपरेतील मोठ्या गुरूंजवळ झालेले, आणि पाठांतर विलक्षण. त्याच वर्षी सेलम रामस्वामी मुदलियार हे मुनसफ कुंभकोणमला बदलून आले. दोघांची भेट झाली. काय काय वाचले आहे, असे मुदलियारांनी विचारले. अय्यर यांनी ग्रंथांची नावे सांगण्यास प्रारंभ केला. नावे वाढत गेली, पण ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर कौतुक उमटेना. अखेर मुदलियारांनी विचारले, की याहून जुने ग्रंथ वाचले आहेत काय? ‘जीवकचिंतामणि’, ‘शिलप्पदिकारम’, ‘मणिमेखलै’?

अय्यर यांनी ते वाचलेले नव्हते. तमिळ साहित्यातील सर्व काही आपणांस ठाऊक आहे असे वाटणाऱ्या तरुण शिक्षकाला एका न्यायाधीशाच्या प्रश्नाने आपल्या ज्ञानाची सीमा दिसली. पुष्कळ माणसे अशा वेळी रागावतात किंवा विषय बदलतात. अय्यर यांनी ‘चिंतामणि’ची प्रत मागून घेतली. हे काव्य जैन परंपरेतले. त्यातील संकल्पना कळेनात, तेव्हा कुंभकोणममधील जैन कुटुंबांकडे जाऊन त्यांनी त्या समजावून घेतल्या. शैव कुळाचार असलेल्या त्या काळच्या पंडिताने असे विद्यार्थी होऊन परक्या दारी बसणे ही लहान गोष्ट नव्हती. मग गावोगाव हिंडून ताडपत्रांच्या पोथ्या जमवणे, पाठ ताडून पाहणे आणि शुद्ध प्रत सिद्ध करणे हे त्यांचे आयुष्यभराचे काम झाले. ‘जीवकचिंतामणि’ १८८७ मध्ये, ‘शिलप्पदिकारम’ १८९२ मध्ये आणि ‘मणिमेखलै’ १८९८ मध्ये छापून निघाले. तमिळ लोक आजही अय्यर यांना ‘तमिळचे आजोबा’ म्हणतात.

एवढे वाचून एखाद्याला वाटेल, की या अय्यर यांनीच रामानुजन यांना शिकवले असावे. ताळा करावा. अय्यर १९०३ मध्ये मद्रासच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयात गेले. रामानुजन कुंभकोणमच्या महाविद्यालयात आले ते १९०४ मध्ये. केवळ सनावळी म्हणून हिणवल्या जाणाऱ्या आकड्यांचा उपयोग असा होतो.

सनावळी किती उपयोगी पडते, हे सांबाराच्या गोष्टीतही दिसते. तंजावरच्या मराठी दरबारात छत्रपती संभाजी महाराजांच्या भेटीच्या वेळी आमसुलाऐवजी चिंच घालून आमटी केली, आणि ‘संभाजी’वरून तिचे नाव ‘सांबार’ पडले, अशी कथा सांगितली जाते. कथा रसाळ आहे आणि मराठी मनाला गोड वाटणारी आहे. कथेतले यजमान शहाजीराजे म्हणजे व्यंकोजींचे पुत्र. ते १६८४ मध्ये गादीवर आले, आणि संभाजी महाराजांचा अंत १६८९ मध्ये झाला. म्हणजे ही मेजवानी घडलीच असेल, तर ती मोगलांशी अहोरात्र युद्ध चाललेल्या या पाच वर्षांत. ही कथा सांगणारे त्या काळचा कोणताही कागद पुढे ठेवत नाहीत. तेव्हा तिला कथा म्हणून दाद द्यावी; इतिहास म्हणून उत्तरपत्रिकेत लिहू नये.

याच शहाजीराजांच्या बाबतीत मात्र खरा अभिमान बाळगावा असे काही आहे, आणि ते पुस्तकांतून गळलेले असते. मराठीतील पहिले नाटक कोणते, या प्रश्नाला ‘सीतास्वयंवर’ हे ठरलेले उत्तर आहे. विष्णुदास भावे यांनी ते ५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीत सादर केले. म्हणून ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन. पण तंजावरच्या दरबारात त्याच्या दीडशे वर्षे आधी मराठी नाटके लिहिली जात होती, आणि शहाजीराजांचे ‘लक्ष्मीनारायणकल्याण’ हे त्यांपैकी एक. भावे यांचे श्रेय याने उणे होत नाही. महाराष्ट्रातील रंगभूमीची परंपरा त्यांच्यापासूनच सुरू झाली. ‘पहिले’ म्हणजे कोठले पहिले आणि कोणत्या अर्थाने पहिले, एवढे विचारले की दोन्ही गोष्टी आपापल्या जागी बसतात.

यावर एक रास्त आक्षेप येईल. दिवसाचे दहा तास काम करून रात्री अभ्यास करणाऱ्याने प्रत्येक उत्तराच्या मुळाशी जायचे कधी? परीक्षेत शंभर प्रश्न आणि वेळ दीड तास. तेथे ‘कशावरून’ला गुण नसतात. हे खरे आहे, आणि याचा दोष विद्यार्थ्यावर ढकलता येणार नाही. प्रश्न काढणाऱ्यांनीही नुसते साल विचारण्यात धन्यता मानू नये. तरीही शंभरांतून पाच उत्तरे निवडून त्यांचा पाठपुरावा करणे कोणालाही जमण्यासारखे आहे. त्याने पाठांतराचे ओझे काहीसे हलकेच होते, कारण कारण कळलेली गोष्ट विसरत नाही.

कुंभमेळ्याचेच पाहा. ‘बारा वर्षांनी’ हे उत्तर सर्वांना पाठ असते. बाराच का? गुरू ग्रहाला सूर्याभोवती एक फेरी करण्यास जवळजवळ बारा वर्षे लागतात. राशी बारा, म्हणून एका राशीत तो साधारण वर्षभर दिसतो. तो सिंह राशीत असताना नाशिक-त्र्यंबकेश्वरला सिंहस्थ भरतो. गुरू सिंहेत असतानाच कुंभकोणमला महामहम नावाचा उत्सव होतो. तमिळ मासी महिन्यात, म्हणजे फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास, चंद्र मघा नक्षत्री आला की लक्षावधी लोक तेथील विस्तीर्ण तलावात स्नान करतात. नाशिकचा सिंहस्थ २००३ आणि २०१५ साली झाला, तर महामहम २००४ आणि २०१६ साली. साल वेगळे दिसले तरी गुरूचा मुक्काम तोच; नाशिकचे पर्व पावसाळ्यात आणि कुंभकोणमचे त्यानंतरच्या वसंतारंभी, एवढाच फरक. गोदावरी आणि कावेरी यांच्या काठची माणसे आकाशातील एकाच घड्याळाकडे पाहत आली आहेत.

आणि हे घड्याळ नेमके बाराचे नाही. गुरूची फेरी ११.८६ वर्षांची आहे. सात फेऱ्यांना ८४ वर्षे लागायला हवीत, त्याऐवजी सुमारे ८३ लागतात. म्हणून अधूनमधून एखादे पर्व अकराव्या वर्षीच येते. हरिद्वारचा कुंभमेळा २०१० नंतर २०२१ मध्ये भरला, तो त्यामुळेच.

पाठ केलेली काही उत्तरे शिळीही होतात. विश्वनाथन आनंद १९८८ साली भारताचे पहिले ग्रँडमास्टर झाले, हे उत्तर बदलणार नाही. पण देशात ग्रँडमास्टर किती, याचे उत्तर दर वर्षी बदलते. नागपूरच्या दिव्या देशमुख जुलै २०२५ मध्ये अठ्ठ्याऐंशीव्या ठरल्या. आनंद यांचे जन्मगाव मयिलाडुदुरै कुंभकोणमच्या जवळच आहे. ते कोणत्या जिल्ह्यात, या प्रश्नाला तीन खरी उत्तरे आहेत. १९६९ साली आनंद जन्मले तेव्हा ते तंजावर जिल्ह्यात होते. १९९१ मध्ये नागपट्टिनम जिल्हा झाला, तेव्हा ते त्यात गेले. २०२० पासून मयिलाडुदुरै हाच जिल्हा आहे. जुने पुस्तक वापरणाऱ्याने मुखपृष्ठाच्या मागे छापलेले वर्ष आधी पाहावे.

सर्वच प्रश्नांचा असा निकाल लागत नाही, हेही ठीकच आहे. कुंभकोणमची ‘डिग्री कॉफी’ सर्व दक्षिणेत प्रसिद्ध आहे. पितळेच्या डबऱ्यात आणि पेल्यात ती फेसाळत येते. तिला ‘डिग्री’ का म्हणतात? दुधाची शुद्धता मापकाने अंशांत मोजत, त्यावरून नाव पडले, असे काही जण सांगतात. कॉफीत मिसळण्याच्या चिकोरी या मुळाच्या नावाचा अपभ्रंश होत ‘डिग्री’ झाले, असे दुसरे म्हणतात. दोघेही तितक्याच खात्रीने बोलतात. कशावरून, असे विचारून पाहावे. पेला रिकामा होईपर्यंत तिसरे उत्तर मिळण्याचाही संभव असतो.